शिसवावर उमटलेलं बोट

नेरमध्ये, अमरावतीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एक सुताराचं दुकान आहे असं समजा. पत्र्याची शेड, दारात भुशाचा ढीग, आत भिंतीला टेकवलेल्या सागवानी चौकटी. मालकाला सगळे मोठेबाबा म्हणतात. दुकानात राबणारा पुतण्या त्यांना तशी हाक मारतो, गिऱ्हाइकांनी ते ऐकलं आणि उचललं. यवतमाळ जिल्हा सागाचा. जोडमोह्याकडचं, पांढरकवड्याकडचं लाकूड या माणसाच्या हाताखालून इतकं गेलेलं की फळीवरून नुसता अंगठा फिरवून ते तिचं ओलं-सुकं सांगतात. टेप लावायच्या आधी मोठेबाबा नाक लावतात, असं लोक चेष्टेनं म्हणतात. ते खरंच आहे.

पुतण्याची तऱ्हा वेगळी. तो पुण्याजवळ मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात काही वर्षं काढून आलेला. तिथं लाकूड म्हणजे प्लाय आणि एमडीएफ. सगळ्या पाट्या एका मापाच्या आणि एका स्वभावाच्या, मशीनवर टाकल्या की कापल्या जाणारच. परत येताना त्यानं टेबलावर मावेल असा लहान खराद आणला आणि मोबाइलवर बघून बघून लाकडाची पेनं करायला लागला. बाभळीचं पेन, सागाचं पेन, कडुलिंबाचं पेन. लग्नात द्यायला, निरोप समारंभाला द्यायला म्हणून यवतमाळ-अमरावतीहून मागण्या येऊ लागल्या. चौकटीच्या कामात मिळत नाही अशी मजुरी त्यात सुटायची.

त्या पेनांवरची चकाकी पॉलिशची नव्हती, गोंदाची होती. तुटलेला कप जोडायला आपण जो सुपर ग्लू आणतो, तोच. खराद फिरता ठेवायचा, लाकडावर थेंब सोडायचा, कागदाच्या घडीनं पसरवायचा. मिनिटा-दोन मिनिटांत थर कडक होतो. मग दुसरा, तिसरा. आठ-दहा थर झाले की बारीक पाणकागदानं ओलं घासायचं आणि मऊ कापडावर घोटायचं. हाताच्या घामानं जात नाही, शाईचा डाग पडत नाही, तोंड दिसेल इतकं चमकतं. मोठेबाबांना मात्र हा प्रकार कधीच पटला नव्हता.

“चप्पल जोडायचं औषध लाकडाले लावते पोट्टा,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

त्यांचं औषध म्हणजे चपडा. लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये भिजवून केलेलं पॉलिश. खिडकीत त्याची एक बरणी कायम असायची. पुतण्यानं ती टेबलाखाली सरकवून दिली होती, आणि त्याच्या बाजूनं बोलायचं तर कारण अगदीच पोकळ नव्हतं. चपडा दिसतो सुंदर, पण त्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. घामेजल्या बोटांत रोज फिरणाऱ्या पेनाला तो किती दिवस पुरणार?

एप्रिलमध्ये एक निवृत्त गुरुजी गोणपाटात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेले. काका आणि पुतण्या दोघंही त्यांच्या हाताखालून गेलेले. गोणपाट सोडलं तर आत पलंगाचा एक खूर. काळा शिसव. गुरुजींच्या आजोबांच्या काळचा पलंग मोडला, सूनबाईंनी सरपण म्हणून बाजूला काढला, आणि त्यातला हा एक खूर गुरुजींनी चुलीपासून वाचवून आणला.

“चार नातवंडं आहेत,” गुरुजी म्हणाले. “उन्हाळ्यात सगळी नेरला येतात. अक्षय्य तृतीयेला एकेकाच्या हातात एकेक पेन ठेवायचं आहे. जमेल?”

“जमते ना, गुरुजी. त्यात काय हाये?” पुतण्या म्हणाला.

मोठेबाबांनी खूर हातात घेतला, वजन पाहिलं, नखानं कोरलं आणि वास घेतला. “शिसवाले पहिले चपडा लागते,” एवढंच बोलले आणि चौकटीकडं वळले. का लागतो, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं.

शिसव खरादावर चढला तेव्हा पुतण्या हरखून गेला. जुनं लाकूड, वरून काजळलेलं. पटाशीचं पहिलं साल निघालं तसं आतून जांभळट तपकिरी रंग, त्यात काळ्या रेघा, आणि गोडसर वास. भुसा नाकात गेला की शिंका थांबत नव्हत्या, म्हणून त्यानं तोंडाला रुमाल बांधला. (शिसवाच्या भुशानं अनेकांच्या अंगावर पुरळही उठतं, मास्क लावलेला बरा.) तसं पाहिलं तर असा तुकडा आता हाताला लागणं कठीण. शिसवाच्या सगळ्या जातकुळीचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2 जानेवारी 2017 पासून साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आलेला आहे, आणि आपल्याकडचा काळा शिसव जंगलात विरळ झालाय. सूनबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं.

लाकडाच्या पोटात पितळी नळी बसवायची, तीही सुपर ग्लूनंच बसवली. वर घासून गुळगुळीत केलं आणि थर द्यायला सुरुवात केली.

पहिला थर वाळला नाही.

वाट पाहिली. थेंब लाकडावर पसरला होता, पण बोट लावलं की तार निघत होती. थोड्या वेळानं कडेला पांढरट ढग दिसू लागले. पुतण्यानं दुसरा थर दिला. मग जाड गोंदाचा तिसरा. मग कारखान्यात पाहिलेला उपाय केला. गोंद झटकन कडक करणारा स्प्रे मिळतो, तो फवारला. गोंद फसफसला, बारीक बुडबुड्यांचा फेस होऊन तसाच गोठला. वर कडक कवच झालं, खाली पातळच राहिलं. ते खरवडून काढलं. बाटली जुनी असेल म्हणून अमरावतीहून नवी मागवली. तिनंही तेच केलं. लाकडात ओल असेल म्हणून तुकडे दुपारभर उन्हात ठेवले. विदर्भाचं ऊन, पारा चव्वेचाळीसच्या आसपास. संध्याकाळी पाहिलं तर तुकड्यांवर तेलकट तुकतुकी चढलेली. उन्हानं आतलं वर आणलं होतं.

याच झटापटीत एक किस्सा झाला. गोंद पसरवायचे कागद संपले. शेजारी गादीवाला बसायचा, त्याच्याकडून पुतण्यानं चिमूटभर कापूस उचलला, त्यावर गोंद टाकला आणि खरादाकडं वळला. वळेपर्यंत कापसातून धूर निघाला आणि चिमटीला चटका बसला. बोटाच्या टोकावर पांढरा फोड आला. त्यानं शिवी हासडली, कापूस फेकला, बोट पाण्यात घातलं आणि पुन्हा कामाला लागला. त्या दुकानातली सगळ्यात कामाची गोष्ट त्या क्षणी त्याच्या बोटावर लिहिली गेली होती. ती वाचायला त्याला सवड नव्हती.

तृतीया उद्यावर आली. पुतण्यानं स्प्रेच्या जोरावर वरचा थर कसाबसा कडक केला, घोटला, आणि चार पेनं मखमली डब्यांत बसवली. दिसायला फक्कड दिसत होती. नखानं दाबून पाहिलं असतं तर कळलं असतं. त्यानं दाबलं नाही. मला विचाराल तर गोंद वाळला नाही ही त्याची चूक नव्हेच. लाकूड कुणालाही फसवतं. चूक झाली ती डबी मिटताना.

पाच-सहा दिवसांनी गुरुजी चारही डब्या पिशवीत घालून दुकानात आले. रागावले नव्हते. त्यांनी एक पेन काढलं, खिशातून भिंग काढलं आणि पुतण्याच्या हातात दिलं.

“बघ.”

पेनाच्या पोटावर एक अंगठा उमटला होता. लहान, स्वच्छ, रेघ न् रेघ मोजता येईल असा. दुसऱ्या पेनाला सदऱ्याच्या खिशातले धागे चिकटलेले. तिसऱ्याचं टोकाचं साल सुटून वर आलेलं, कांद्याचा पापुद्रा सुटतो तसं. चौथ्याची पितळी नळीच लाकडातून घसरून बाहेर आलेली.

“हा अंगठा बारक्याचा,” गुरुजी म्हणाले. “पेन घेऊन झोपला होता लेकाचा. घरात चोरी झाली तर पोलिसांना ठसे घ्यायची गरज नाही.”

पुतण्या हसला नाही. “ग्लू डुप्लिकेट निघाला, गुरुजी. आजकाल काय असली भेटतेच कुठं? दोन बाटल्या आणल्या, दोन्ही तशाच.”

मोठेबाबा रंधा मारत होते, ते थांबले.

गुरुजींची नजर त्याच्या चिमटीवर गेली. “बोटाला काय झालं?”

“काही नाही. कापसावर ग्लू पडला तं चटका बसला.”

“कुठला ग्लू?”

“हाच.”

“याच बाटलीतला?”

“हो.”

“किती वेळात?”

“लगेच. धूरच निघाला.”

गुरुजींनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं. “मग डुप्लिकेट कसा? जो गोंद कापसावर क्षणात कडक होऊन बोट भाजतो, तो बाटलीत बिघडलेला नाही. एकच गोंद, दोन ठिकाणी. एकीकडं घाई करतो, एकीकडं अडतो. बदललं काय?”

पुतण्या गप्प.

“खालचं बदललं,” मोठेबाबा तिकडूनच म्हणाले. “आन् दिलं कावून तसंच? वाळलं नव्हतं, तुले दिसत नव्हतं?”

“वरून कडक लागत होतं.”

“वरून,” मोठेबाबा म्हणाले, आणि रंधा बाजूला ठेवून उठले.

त्यांनी खुराचा उरलेला तुकडा घेतला, ताज्या कागदानं घासला, पांढरी चिंधी स्पिरिटमध्ये बुडवली आणि त्यावरून फिरवली. चिंधी आधी तांबूस झाली, मग गडद जांभळी. दुसरी चिंधी घेतली, तीही जांभळी. चौथ्या-पाचव्या चिंधीला रंग उतरू लागला. पुतण्या बघत राहिला. इतक्या दिवसांत त्यानं वरून काय काय ओतलं होतं. खालचं काही काढून घ्यावं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“आता चपडा,” मोठेबाबा म्हणाले, आणि टेबलाखालची बरणी मोठ्या मानानं वर काढली. झाकण उघडलं, ढवळली, कापडाची पुरचुंडी भिजवून तुकड्यावर फिरवली. “दहा मिनिटं. मंग पाह्य.”

दहा मिनिटांनी बोट लावलं तर चिकट. अर्ध्या तासानं चिकट. चहा झाला, गुरुजींनी पेपर वाचून संपवला, तरी चिकट. मोठेबाबांच्या कपाळाला घाम आला. उन्हाचा म्हणावा तर पंखा सुरू होता.

“आपलंही डुप्लिकेट निघालं वाटते,” पुतण्या हळूच म्हणाला. मोठेबाबांनी त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागं सरला. पण गुरुजींना हसू आवरेना.

गुरुजींनी खिडकीच्या फुटक्या तावदानाचा तुकडा मागितला आणि बरणीतला एक थेंब त्यावर टाकला. “इथं लाकूडच नाही. तेल नाही, शिसव नाही. इथं वाळला तर दोष लाकडाचा. नाही वाळला तर बरणीचा.” तिघं बसून राहिले. काचेवरचा थेंब संध्याकाळीही बोटाला लागत होता.

“ही बरणी कधीची?” गुरुजींनी विचारलं.

मोठेबाबांनी आठवून पाहिलं. तीन वर्षांची तरी असेल. चौकटींना हल्ली गिऱ्हाईक मेलामाइन नाहीतर पीयू पॉलिश मारून घेतं, चपडा मागतं कोण? बरणी खिडकीत होती ती मानासाठी.

इथं जरा थांबून कारण सांगायला हवं. गुरुजींनीही ते तिथंच, भुशावर बोटानं आकृत्या काढत सांगितलं.

सुपर ग्लू हवेनं सुकत नाही, त्यातलं काही उडून जात नाही. त्याचे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, आणि ही साखळी सुरू व्हायला ओलाव्याचा एखादा कण पुरतो. जरा अल्कधर्मी जागा असली तर आणखी चांगलं. आम्लात मात्र ती अडते. म्हणून तर बाटलीत तो पातळ राहावा यासाठी बनवणारेच त्यात किंचित आम्ल घालून ठेवतात. आता लाकूड मुळातच थोडं आंबट. त्यात शिसवाच्या अंगी तेल आणि रंगद्रव्यं, ती गोंदाला लाकडाच्या तंतूंपर्यंत पोचूच देत नाहीत. बाटली जे काम करत होती तेच लाकडानं पुढं चालवलं. कापसाचं उलटं. बारीक तंतूंचा केवढा तरी पसारा, त्याला धरून बसलेला ओलावा, म्हणून साखळ्या एका झपाट्यात होतात आणि त्या होताना उष्णता बाहेर पडते. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हे ठाऊक असलेलं बरं. सुपर ग्लू सांडला तर कापसानं किंवा सुती फडक्यानं टिपू नये, धूर निघतो आणि कातडी भाजते. आणि उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की गोंदाला लागणारा ओलावाही कमीच. स्प्रेनं साखळी जबरदस्तीनं सुरू होते, पण वरच्या वर. पाऊस लागला की तोच गोंद लवकर वाळतो, पण त्याची वाफ पांढरी होऊन बसते.

गंमत म्हणजे हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला तोच नकोसा म्हणून. 1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन जिथं लागेल तिथं चिकटायला लागलं, म्हणून बाजूला टाकलं. 1951 मध्ये त्यांच्याच हाताखालच्या मंडळींच्या कामात ते पुन्हा समोर आलं आणि तेव्हा कुठं लक्षात आलं की ही तर खोड नव्हे, गुण आहे. 1958 मध्ये बाजारात आलं.

“आणि नेरला येऊन ते चिकटत नाही म्हणून तक्रार,” गुरुजी म्हणाले.

शिसव फक्त सुपर ग्लूशीच असं वागतो असं नाही. बेलतेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, किंवा तेलातलं वार्निश, हे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शिसवातली फिनॉल जातीची द्रव्यं ही क्रिया मध्येच तोडतात. कपाट पावसाळाभर चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. सागाचंही थोडंफार तसंच. त्यातली टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवीला दूर ठेवतात. शिसवातल्या अशाच राखणदारामुळं तो पलंग गुरुजींच्या आजोबांपासून सूनबाईंपर्यंत टिकला. राखणदाराला तुमचा गोंद कोण आणि वाळवी कोण हे वेगळं कळत नाही.

आणि चपडा? लाख किडा झाडाच्या फांदीवर जो राळेचा थर करतो, त्याच्या ह्या पापड्या. आपल्याकडं रानोमाळ उभा असलेला पळस हे या किड्याचं आवडतं झाड. बोर आणि कुसुम ही आणखी दोन. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था 1924 पासून आहे. चपड्याचा गुण असा की तो साखळ्या करत बसत नाही. स्पिरिट उडून गेलं की मागं राळ उरते, संपला विषय. खाली तेल असो, आंबट असो, त्याला फरक पडत नाही, म्हणून तो अडून राहिलेल्या लाकडावरही बसतो आणि पुढच्या थराला मोकळी जागा करून देतो. पण हे झालं ताज्या चपड्याचं. स्पिरिटमध्ये कालवून ठेवला की राळ आणि स्पिरिट यांची आपसात हळूहळू क्रिया होत राहते, आणि वर्षभरात तो असा होतो की लावला तर मऊच राहतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर लवकरच.

म्हणजे मोठेबाबांचं सांगणं बरोबर होतं, बरणी चूक होती. पुतण्याची बाटली बरोबर होती, तिला सांगितलेलं काम चूक होतं.

मोठेबाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग बरणी उचलली, मागच्या बाजूला नेऊन रिकामी केली आणि घासून धुतली. त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं स्वतः अमरावतीला गेले आणि नव्या पापड्या घेऊन आले. सुट्या, खळखळ वाजणाऱ्या. उन्हानं एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या पापड्या दुकानदार देत होता, त्या त्यांनी परत केल्या.

पाव लिटर स्पिरिटला तीस ग्रॅम चपडा. पातळ. रात्रभर भिजवला, अधूनमधून हलवला, मग काही दिवस हात न लावता ठेवला. तळाला मेणाचा गढूळ थर बसला, वरचं नितळ पुतण्यानं अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घेतलं. वर दुसरं काही चढवायचं असेल तर हे मेण मध्ये नको. ही गोष्ट पुतण्याला मोबाइलवरून ठाऊक होती, मोठेबाबांना नव्हती. त्यांनी ती मान्य केली, फक्त “असं का?” म्हणून.

मधल्या दिवसांत जुने थर काढले. खरादावर पटाशीनं खरवडले, जे मऊ होतं ते अॅसिटोननं पुसलं. पितळी नळ्या बाहेर काढल्या, कागदानं खरखरीत केल्या, आतलं लाकूड पुसलं आणि या वेळी दोन ट्यूबांतून अर्धा-अर्धा काढून कालवायचा इपॉक्सी वापरला. त्याला ना हवा लागते ना ओलावा, त्याचे दोन भाग एकमेकांशीच काय ते उरकून घेतात. मग शिसव ताज्या कागदानं घासला, चिंधीला रंग यायचा थांबेपर्यंत पुसला, आणि पुसलेला ओलेपणा उडताक्षणी चपडा लावला. इथं सैल पडून चालत नाही. आज पुसलं आणि उद्या लावू म्हटलं, तर रात्रीत तेल पुन्हा वर येतं. दोन पातळ हात, मग रात्रभर विसावा.

सकाळी मोठेबाबांनी नव्या चपड्याचा काचेवर टाकून ठेवलेला थेंब नखानं उडवला. टचकन तुकडा उडाला. “लाव तुहा गोंद,” ते म्हणाले.

पुतण्यानं सुपर ग्लूचा पहिला थर दिला. पातळ. स्प्रेला हात लावला नाही. बाजूला पाण्याचं भांडं उघडं ठेवलं, खोलीत तेवढाच ओलावा. थर वाळला. सागापेक्षा उशिरा, पण तळापासून. प्रत्येक थरानंतर तो नखानं दाबून पाहत होता, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन पेनं अशी झाली. चौथं मोठेबाबांनी मागून घेतलं आणि त्यावर नुसता चपडा घोटला, पुरचुंडीनं, जुन्या पद्धतीनं, हात दुखेपर्यंत. खरं सांगायचं तर डबीत चौघांत तेच देखणं होतं. चकाकी कमी, पण लाकूड जवळून दिसत होतं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडं उघडतात, त्यामुळं नातवंडं अजून नेरलाच होती. गुरुजींनी पेनं वाटली. महिन्याभरानं चपड्याचं पेन दुकानात परत आलं. बारक्यानं ते घामेजल्या मुठीत धरलं होतं, शिवाय एकदा सॅनिटायझर लावलेल्या हातानं. धरायच्या जागी पांढुरके पट्टे पडले होते. मोठेबाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि पुतण्याकडं सरकवलं.

“याच्यावर तुहं औषध लाव,” ते म्हणाले. “चपलेचं.”

पुतण्यानं पांढुरकी जागा हलक्या कागदानं घासली, चपड्याचा ताजा हात दिला आणि वर गोंदाचे थर चढवले. पैसे घेतले नाहीत. पहिल्या चार पेनांचे पैसे तर तो तृतीयेनंतरच्या आठवड्यातच परत करायला गेला होता. गुरुजींनी ते घेतले, नको-नको केलं नाही, आणि नवी पेनं झाल्यावर पुन्हा मोजून दिले.

आता त्या दुकानात चपड्याच्या बाटलीवर पट्टी चिकटवून तारीख लिहिलेली असते. सहा महिने झाले की उरलेला ओतून देतात. शेजारी तावदानाचा तुकडा असतो, कुठलाही थेंब लाकडाच्या आधी त्यावर पडतो. शिसवाच्या पेनाला सागाच्या पेनापेक्षा दीडपट पैसे पडतात आणि आठ दिवस जास्त लागतात. घाई असेल तर पुतण्या सरळ सांगतो, बाभळीचं घ्या.